पिण्यास योग्य

हे धरण शहराचे पुरापासून सदैव रक्षण करील, असं भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर कोरलेलं होतं. पाटी बसवली तेव्हा धरणात पाणी यायचं होतं.

पण धरणाने शब्द पाळला. चाळीस वर्षांत नदी काठ सोडून आली नाही. त्या भरवशावर लोकांनी थेट नदीच्या कुशीत घरं बांधली. सगळ्यांत खालचं घर धरणाच्या एकुलत्या एक पहारेकऱ्याच्या ताईंचं.

या पहारेकऱ्याला सगळे गळतीमामा म्हणत, कारण मामांकडे दुसरा विषयच नव्हता. मातीचं धरण थोडं पाझरणारच, हे तेच सगळ्यांना समजावत. पाझर नितळ असला की खुशाल झोपावं. गढूळ झाला, तर पाणी भिंतीची माती आतून पोखरून नेतंय, असं समजावं. त्या सोमवारी पायथ्याचा पाझर दुधाच्या चहासारखा दिसला.

"ताई, आठवडाभर लेकीकडे वर जाऊन राहा."

"जावयाच्या दारात? तू मला दर वर्षी बुडवतोस रे! या खेपेला साहेबांचा कागद आण. लगेच निघते, भांड्याकुंड्यांसकट."

मामांनी पाझर बाटलीत भरला आणि कचेरी गाठली. साहेब धरणसुरक्षेच्या प्रशिक्षणाला गेले होते. कारकुनाने कपाट उपसलं. पाझराच्या तपासणीचा अर्ज कधी छापलाच नव्हता. पिण्याच्या पाण्याच्या अर्जांचा मात्र गठ्ठा होता.

"हाच भरू. पाणी ते पाणी."

"अहो, पण हे कोण पिणार आहे?"

"मामा, तुम्हाला तपासणी हवी आहे की वाद?"

मामांना तपासणी हवी होती. नियमाप्रमाणे बाटली दोन दिवस न हलवता ठेवली गेली. माती तळाशी बसली, वरचं पाणी तपासलं गेलं. गुरुवारी साहेबांनी कागदावर सही ठोकली : पिण्यास योग्य.

"साहेब, बाटली एकदा हलवून तर बघा. निदान धरणातलं थोडं पाणी तरी सोडू."

"सोडायला कारण लागतं, मामा. आणि आनंद माना की! तुमची गळतीसुद्धा शुद्ध निघाली."

आयुष्यात खोटं न बोललेल्या मामांनी कागद खिशात दडवला आणि ताईंच्या दारात उभं राहून सांगितलं, "साहेब म्हणाले, निघा."

ताईंनी हात पुढे केला. "दाखव."

त्यांना वाचता येत होतं, हेच वाईट झालं. "पिण्यास योग्य! अरे, इतकं चांगलं तर आमच्या नळाला येत नाही!" हसता हसता त्यांनी पदराने डोळे टिपले. मामा पाया पडले, ओरडले, शेवटी रडले. ताईंनी त्यांना जेवायला वाढलं.

शुक्रवारी सकाळी नऊला भिंत मधोमध खचली. मामा वर उभे राहून शिट्टी वाजवत होते. ती ऐकू जाईल इतक्या जवळ कोणीच राहत नव्हतं.

ताई तिसऱ्या दिवशी सापडल्या. सरकारी नोंदीत मृत्यूचं कारण 'पूर' असं लिहिलं गेलं. त्या आठवड्यात पावसाचा थेंबही पडला नव्हता.