सोनिकाच्या भिंतीवरचा माग

बाळांनो, अशी कल्पना करा, की तुम्ही नागझिऱ्याच्या वाटेवर उभे आहात. धुळीत वाघाच्या पंज्याचा एकच ठसा उमटला आहे. वाघ कुठून आला, कुठे गेला, सांगता येईल?

जंगलाकाठच्या चोरखमारा गावातल्या सोनिकालाही आलं नसतं. तिची माय, योगेश्वरी, पर्यटकांना नागझिऱ्याचं जंगल दाखवायची. एके दिवशी सोनिका शाळेतून रडत आली. तिने काही कारण नसताना मैत्रिणीचा, भूमिकाचा, डबा ढकलून दिला होता. भूमिकाने सगळ्यांदेखत सुनावलं, "कवा हासते, कवा चावते. कुत्रं तरी पयले गुरगुरते." आणि ती दुसऱ्या बाकावर जाऊन बसली.

आपल्याला राग काऊन येते, हेच सोनिकाला कळेना. माय म्हणाली, "एका ठशावरून काई समजत नाई, बाई. लय ठसे पाहा लागते."

पोरगी हुशार. रोज शाळेतून आली की घराच्या मागच्या भिंतीवर बोटाने एक ठिपका द्यायची. दिवस बरा गेला तर छुईच्या पांढऱ्या मातीचा, रागात गेला तर गेरूचा. खोटा ठिपका तिने एकदाही दिला नाही. स्वतःशी इतकं खरं राहणं मोठ्यांनाही जड जातं.

उशिरा पिकणारं भारी धान कापणीला आलं तोवर भिंत बरीच भरली. मायलेकी तिच्यासमोर बसल्या. पांढरे ठिपके कधीचे, ते सोनिकाला आठवत गेलं. जंगलाचं गेट बंद असलं की, नाहीतर मायची फेरी दुपारची असली की. गेरू मात्र पहाटेच्या फेरीच्या दिवसांचा. जंगलात पाऊल न वाजवायची मायला सवय. लेकीची झोप मोडू नये म्हणून घरातूनही ती तशीच निघायची. सोनिका उठून पाहायची, तर माय गेलेली.

"मले उठवून जात जाय," सोनिका म्हणाली. "झोप मोडली तं चालते."

माय उठली आणि गेरूच्या एकेका ठिपक्यावरून बोट फिरवत गेली. वाघाचा माग काढणाऱ्या बाईला तिच्याच घरातला माग लेकीने दाखवला होता.

दुसऱ्या पहाटे मायने तिला हलवून उठवलं. दोघींनी सोबत चहा घेतला. उजाडल्यावर सोनिका तडक भूमिकाच्या घरी गेली. भूमिका ओसरीवर वेणी घालत होती.

"तुयी चूक नोहती," सोनिका म्हणाली. "तो राग मायाच होता. कवा येते, आता मले समजते."

भूमिकाने रिबीन पुढे केली. सोनिका तिच्यामागे बसली आणि दुसरी वेणी घालू लागली.