प्रेमराजचा खोडील फासा

मी एक जुना फासा आहे. वयानं फारसा नाही, पण माझं लाकूड जुनं आहे. मला वीस तोंडं आहेत. पहिल्यांदा पाहणाऱ्याला मी खेळण्यातून निखळलेला लाकडी मणी वाटतो. सोंगट्यांच्या फाशाचं सहा तोंडांवर भागतं, माझ्या खेळाला वीस लागतात. पण मित्रांनो, या वीस तोंडांपैकी एकालाही बोलता येत नाही. हे आत्ताच लक्षात ठेवा. पुढं जे बिघडलं, ते एवढी साधी गोष्ट विसरल्यामुळे बिघडलं.

अमळनेरला प्रेमराजच्या आजोबांचा तेलाचा लाकडी घाणा होता. तो मोडला तेव्हा बरंचसं लाकूड चुलीत गेलं आणि बाभळीचा एक तुकडा मागच्या अंगणात पडून राहिला. प्रेमराज पुण्याला होस्टेलवर डिप्लोमा करत असताना एक खेळ शिकून आला होता, पण त्या खेळाचा प्लॅस्टिकचा फासा प्रवासात कुठं तरी हरवला. नवा मागवण्याऐवजी त्यानं तो तुकडा उचलला आणि कानशीनं घासत बसला. घासायला त्याला अख्खी दिवाळीची सुट्टी लागली. मग त्यानं तापलेल्या सुईनं माझ्यावर आकडे डागले. वीसच्या आकड्याजवळ लाकडात एक गाठ होती. ती बाजू जड राहिली, म्हणून वीस सारखा खाली जाई आणि त्याच्या पाठीवरचा एक वर येई.

आमच्या खेळात वीस म्हणजे सोनं आणि एक म्हणजे माती. वीस पडला की हरलेली लढाई जिंकता येते, एक पडला की जिंकत आलेला माणूस आपटतो. आणि मी आपला उठता-बसता एक दाखवायचो. प्रेमराज कपाळावर हात मारून घेई, पण त्यानं मला कधी फेकून दिलं नाही. "मन्हा फासा खोडील शे," असं तो खोडकर पोराचं सांगावं तसं कौतुकानं सांगे. डाव अडला की मला मुठीत धरून म्हणे, "एकदाच वीस दे ना रे, लाकडा." मी त्याला तो कधीच दिला नाही. माझ्या हातात ते नव्हतं, कारण मला हातच नाहीत.

हा खेळ म्हणजे तोंडानं सांगायची गोष्ट. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे त्यातली माणसं होतात, आणि जे नक्की सांगता येत नाही ते फासा टाकून ठरवतात. रविवारी दुपारी वरच्या पत्र्याच्या खोलीत तिघं जमत. प्रेमराज गोष्ट चालवायचा. त्याचा शाळेपासूनचा मित्र हितेंद्र तलवारबाज होता. आणि प्रेमराजची धाकटी बहीण डिंपल, ती वॉरलॉक झाली होती. वॉरलॉक म्हणजे जादू करणारी, पण जादू तिची स्वतःची नसते. दुसऱ्या जगातल्या कुणाशी तरी करार करून ती मिळवावी लागते. त्याला ही मुलं पेट्रन म्हणत. पेट्रन फुकट काही देत नाही. तो शक्ती देतो आणि बदल्यात काहीतरी मागतो.

प्रेमराजनं डिंपलपुढं तीन पेट्रन ठेवले होते. खोल विहिरीच्या तळाशी झोपलेलं, नाव नसलेलं काहीतरी. रानातली एक राणी, जिला म्हातारपण येत नाही. आणि एक गोडबोल्या सैतान, जो सही घेतल्याशिवाय काही देत नाही. डिंपलला एकही पसंत पडेना. विहिरीतला गार पडेल, राणी खवचट आहे आणि सैतान तर थेट शेजारच्या काकांसारखा बोलतो, अशी तिची कारणं. प्रत्येक रविवारी ती म्हणे, पुढच्या रविवारी सांगते.

त्यांची आई प्रमिलाबाई हे जिन्याच्या पायरीवरून ऐकायची. एकदा तिनं विचारलं, "म्हंजे नवस का रे हाऊ?"

"नवसच शे, माय," प्रेमराज म्हणाला. "फक्त आठे देव नई."

ते उत्तर तिला आवडलं नाही. देव नाही आणि नवस आहे, म्हणजे भलतंच काहीतरी आहे, असं तिच्या मनानं घेतलं. तेव्हापासून ती माझ्याकडे वाकड्या नजरेनं पाहू लागली.

थंडीतल्या एका सकाळी मायलेकांचं वाजलं. प्रेमराज कापसाच्या जिनिंगमध्ये वायरमन होता आणि त्याला पहिल्या पाळीला जायचं होतं. आदल्या रात्री पुढच्या खेळाची गोष्ट रचत जागरण झालं म्हणून तिनं सुरुवात केली, त्यानं उलट उत्तर दिलं. तिनं फळीवरून मला उचललं आणि अंगणात भिरकावलं. तो मला शोधायला लागला. मी काटक्यांच्या ढिगात अडकलो होतो, त्यामुळे सापडायला वेळ लागला. त्यानं मला शर्टाच्या खिशात टाकलं, तेव्हा ती दारातून म्हणाली, "जाय, आते माले तोंड दखाडू नको."

असं कुठली आई म्हणत नाही? उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण तो उशीर भरून काढायला गाडी जोरात हाणत गेला, आणि धुक्यात रस्त्यावर कापसाचा ट्रक बंद पडून उभा होता. मी खिशातच होतो. पुढचं मी सांगणार नाही. दवाखान्यातून त्याचं घड्याळ, चाव्या आणि मी, असे एका पिशवीतून घरी आलो. प्रमिलाबाईनं पिशवीतून मला काढलं आणि ओळखलं. आपण फेकलेलं शोधण्यातच त्याला उशीर झाला, हेही तिला तेव्हाच कळलं.

मित्रांनो, खान्देशात वैशाखात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. त्या दिवशी गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरून पूजतात आणि त्याच्या जागी एका जिवंत माणसाला पाटावर बसवून जेवू घालतात. त्याला पित्तर म्हणतात. जेवण होईपर्यंत तो माणूस तो नसतो, गेलेला असतो. प्रेमराजच्या पहिल्या आखाजीला पित्तर म्हणून हितेंद्रला बोलावलं. मित्र होता, वयाचा होता, लग्न व्हायचं होतं. लीलाधर आबांनी, म्हणजे प्रेमराजच्या वडिलांनी, त्याला गंध लावलं आणि त्याच्या पाया पडले. हितेंद्रनं मान वर केली नाही. आमरस, पुरणपोळी, सांजोऱ्या, सगळं त्यानं मुकाट्यानं खाल्लं.

या घरची रीत अशी, की जेवणानंतर पित्तराला विडा द्यायचा आणि उंबऱ्यापर्यंत पोचवायचं. उंबरा ओलांडला की तो पुन्हा साधा माणूस. पण घरात पान नव्हतं. आबा पान आणायला गेले आणि चौकात अडकले, कारण आखाजीला पत्ते कुटायला कुणाचीच मनाई नसते आणि त्या दिवशी अख्खी गल्ली ओट्यावर डाव मांडून बसते. आबांना कुणीतरी हाताला धरून बसवलं. दुःखातल्या माणसाचा जीव रमेल, असं त्यांना वाटलं असेल. इकडे हितेंद्र ताटावर ताटकळला. शेवटी डिंपल म्हणाली, वर चल, आबा येईपर्यंत बसू.

वरच्या खोलीत तिनं मला बाहेर काढलं. बाहेर निंबाला झोके बांधले होते आणि माहेरी आलेल्या पोरी गाणी म्हणत होत्या. ती त्या वर्षी झोक्यावर बसली नाही. ती म्हणाली, दादाची गोष्ट अर्धी राहिली आहे, आता तू चालव. मी पेट्रन ठरवला आहे.

"कोण?"

"मन्हा दादा."

हितेंद्रला नाही म्हणता आलं असतं. पण रडवेल्या पोरीला नाही म्हणणं त्याला जमलं नाही, आणि कपाळावरचं गंध अजून ओलं होतं. पेट्रनच्या तोंडचं बोलायचं काम गोष्ट चालवणाऱ्याचं असतं. त्यानं डोळे मिटले आणि प्रेमराजच्या धिम्या आवाजात विचारलं, "तू माले काय देशी?"

आवाज हुबेहूब लागला. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला असता, अंग असतं तर. आणि नेमकी तेव्हा प्रमिलाबाई सांजोऱ्यांची ताटली घेऊन जिन्यात उभी होती. पित्तराला तर कुणी पोचवलंच नव्हतं. तिच्या लेखी पाटावर जो बसला होता, तोच वर बोलत होता. ताटली खाली ठेवून ती त्याच्यासमोर बसली.

"पेमा, तुले मन्हा राग शे का रे?"

डिंपल म्हणाली, "हाऊ खेळ शे, माय." पण ते प्रमिलाबाईच्या कानापर्यंत गेलं नाही. हितेंद्र पेचात पडला. नाही म्हणावं तर मेलेल्या मित्राच्या वतीनं बोलायचा आपल्याला काय हक्क? होय म्हणणं तर शक्यच नव्हतं. अशा वेळी खेळणारे जे करतात तेच त्यानं केलं. मला उचललं आणि टाकलं.

एक पडला. पडणारच होता, गाठ तशीच होती.

डिंपलनं माझ्यावर तळवा ठेवला. प्रमिलाबाईनं तो हळूच बाजूला केला आणि आकडा पाहिला. "एक म्हंजे काय?"

हितेंद्रनं एकदा डिंपलकडे पाहिलं. मग म्हणाला, "एक म्हंजे राग नई, माय."

एरवी तो तिला काकू म्हणायचा. प्रमिलाबाईनं डोळ्यांना पदर लावला आणि ताटलीतली सांजोरी मोडून स्वतःच्या तोंडात घातली. प्रेमराज गेल्यापासून तिनं गोडाला हात लावला नव्हता. त्या क्षणी ते खोटं फार चांगलं वाटलं, मी उगाच नाकारत नाही.

पण पेट्रन फुकट काही देत नाही. पुढच्या रविवारी प्रमिलाबाई आपणहून वर आली, त्याच्या पुढच्याही. खेळ सुरू व्हायचा, हितेंद्र प्रेमराजच्या आवाजात बोलायचा, आणि डिंपलला जादू हवी असली की मोबदल्यात प्रेमराजची एक आठवण सांगावी लागायची. असंच त्यांचं ठरलं होतं. पतंगासाठी गच्चीवरून पडला ती, चोरून कैऱ्या आणल्या ती. प्रमिलाबाई ऐकत बसायची आणि शेवटी तोच एक प्रश्न विचारायची. मी टाकला जायचो. बहुतेक वेळा एक यायचा. दुसरं काही आलं, तर हितेंद्र म्हणायचा, हे धरायचं नाही, पुन्हा टाकू.

आठवणी काही विहिरीचं पाणी नव्हे, की उपसल्या आणि भरल्या. डिंपलजवळच्या संपल्या. मग तिनं एक रचून सांगितली, दादानं तिला शाळेच्या भांडणातून सोडवल्याची. प्रमिलाबाई शांतपणे म्हणाली, "आसं कधी व्हयनंच नई, बाई." डिंपलनं त्या दिवशी खेळाचे कागद गोळा केले आणि खेळ बंद झाला. पुढच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं आणि ती पिंपळनेरला गेली. हितेंद्रनं नाशिकला नोकरी धरली. जाताना तो निरोप घ्यायला आला नाही. परक्या आईचा मुलगा होऊन होऊन तो थकला होता. त्याला मी दोष देत नाही, पण तो सांगायला हवं होतं ते न सांगता गेला.

मी प्रमिलाबाईजवळ राहिलो. दुपारची भांडी झाली की ती मला ओट्यावर टाकायची. एक पडला की दिवस बरा जायचा. आबा कधी पाहायचे आणि म्हणायचे, "पोऱ्या गया. आते लाकडाले काय इचारस?" ती मला उचलून पदरानं पुसायची. मला तिच्या हाताची सवय झाली होती. प्रेमराजचा हात गरम असायचा, तिचा राखेनं खरबरीत आणि थंड. दुसरा आकडा आला तर तीसुद्धा हितेंद्रसारखी पुन्हा टाकायची. वीस मात्र कधी आला नव्हता.

यंदा आखाजीच्या तोंडावर आला. घाण्याच्या लाकडाचे कोपरे तिच्या हातात झिजून गोल झाले होते, म्हणूनही असेल. मी ओट्यावरून घरंगळलो, पायरीला थडकलो आणि थांबलो. वीस वर होता. प्रेमराजनं जन्मभर मागितला तो वीस. तो असता तर खोलीभर नाचला असता.

प्रमिलाबाईनं मात्र वाकून आकडा पाहिला. तिनं साधा हिशेब केला. एक म्हणजे राग नाही, तर मग वीस म्हणजे काय? याहून मोठा आकडा माझ्यावर नाही, हे तिला ठाऊक होतं. या वेळी तिनं मला पुन्हा टाकलं नाही. इतके दिवस मुलगा मन राखत होता, आज खरं बोलला, असं तिला वाटलं. तिनं मला तसंच वीस वर धरून उचललं, तेव्हा हे मला तिच्या हातावरून कळलं.

संध्याकाळी डिंपलचा फोन आला. "बठ्ठं बरं शे," एवढंच प्रमिलाबाई तिला म्हणाली. मग आबांना तिनं सांगितलं, "औंदा पित्तरले कोणले बलावू नका. तो येवाव नई." आबांनी का म्हणून विचारलं. तिनं सांगितलं नाही. तोंड दाखवू नको असं तिनंच म्हटलं होतं, आणि मुलानं ते ऐकलं, अशी आता तिची खात्री आहे.

तिनं मला फडक्यात गुंडाळलं, आकडा हलू न देता, आणि गेल्या वर्षीच्या कोरड्या घागरीत ठेवून घागर फळीवर सरकवली. मी अजून तसाच आहे, वीस वर. आखाजी येऊन गेली. पाट मांडल्याचा आवाज आला नाही. खालून आता भांड्यांचेही आवाज कमी येतात, कारण ती दोन घास खाऊन उठते.

मित्रांनो, जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, धूळ झटका. माझं तसं काही मागणं नाही. घागरीत मला कसली धूळ? माझं एवढंच म्हणणं आहे, की दुःखातल्या माणसाला खोटा धीर द्यावा लागला, तर तो देऊन निघून जाऊ नका. त्याच्याजवळ राहा, कारण तो खोटा धीर केव्हा उलटेल ते सांगता येत नाही. आणि तुमच्यापैकी कुणी हा खेळ खेळत असेल, तर एकदा अमळनेरला जा. आजोबांचा घाणा होता ते लीलाधर आबांचं घर विचारा, कुणीही दाखवील. प्रमिलाबाईला म्हणावं घागर खाली काढ, आणि मला तिच्या हातात देऊन वीस म्हणजे काय ते तिला सांगा. मला सांगता येत नाही.