येते मी

सासूने बादली मागितली आणि तिथून सगळं बिनसलं.

बेटावरच्या त्या हॉटेलात न्हाणीघर चांगलं ऐसपैस होतं. भिंतभर आरसा, पाय पुसायला गालिचा, सगळा थाट. पण बादली नव्हती. वरून पडणाऱ्या पाण्याखाली उभं राहून केलेल्या आंघोळीला सासू आंघोळ मानतच नसे. तिने स्वतः फोन करून खाली सांगितलं. थोड्या वेळाने हॉटेलची मुलगी आली ती बर्फ ठेवायचं चकचकीत भांडं घेऊन, वर चिमटा. सासूने आत डोकावून पाहिलं आणि विचारलं, "यात आधी उजवा पाय धुऊ की डावा?"

सून हसली. ती मुलगीही हसली. मग दोघी एकमेकींकडे बघून आणखी हसल्या, सुनेच्या तर डोळ्यांत पाणी आलं. सासू हसली नाही, कारण तिने विनोद केलाच नव्हता. निदान परक्या मुलीबरोबर मिळून सुनेने खिदळावं, असा तरी केला नव्हता.

"हसा," ती म्हणाली. "तुमची करमणूक करायलाच आलेय मी." आणि तिने अबोला धरला.

अबोला ही काही साधी गोष्ट नव्हे. भांडायला निदान तोंड उघडावं लागतं. सुनेनेही मग हट्टाने तोंड मिटलं. सगळं टपालखातं येऊन पडलं सहा वर्षांच्या छोटीवर. "तुझ्या आईला सांग, पंखा कमी कर." "आजीला सांग, बटण त्यांच्याच उशाशी आहे." छोटीने पहिल्या दिवशी निरोप इमानाने पोचवले, दुसऱ्या दिवशी ती दर निरोपामागे चॉकलेट मागू लागली. सून कानाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची, त्यामुळे नवऱ्याला टोमणा आयताच मिळाला. "जगाचे कान तपासतेस आणि घरात दोघी बहिऱ्या!" दोघींनी त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो टॉवेल उचलून समुद्रावर निघून गेला.

सासू तशी मनाने वाईट नव्हती. सासरे गेल्यापासून ती घराबाहेर पडलीच नव्हती आणि ही सहल दोन्ही मुलांनी तिच्यासाठीच आखली होती. थोरले दीर, मोठी जाऊ, त्यांची दोन मुलं, सगळे त्यासाठीच रजा टाकून आले होते. हे सुनेला कळत होतं, पण वळत नव्हतं. आपण आधी बोललो तर आपली चूक होती असं होईल, एवढंच तिच्या डोक्यात बसलं होतं. सासूच्या डोक्यातही तेच असणार, कारण हट्टाच्या बाबतीत त्या सख्ख्या मायलेकी शोभल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी सगळे वाळूच्या बेटावर गेले. बेट कसलं, ओहोटीला समुद्रातून वर येणारा आणि भरतीला पुन्हा पाण्याखाली जाणारा वाळूचा लांबट पट्टा. झाड नाही, दगड नाही. सावलीसाठी होडीवाल्यांनी मधोमध जाड खांबांवर झावळ्यांचा मांडव उभारला होता. त्याला दोन बाजूंनी चटया लावल्या होत्या आणि आत वाळूत पक्कं रोवलेलं एक लाकडी टेबल होतं. थोरल्यांचं बिऱ्हाड एका होडीतून मांडवापलीकडच्या टोकाला उतरलं. सासू आली ती धाकट्या मुलाच्या होडीतून, कारण छोटीने तिचा हात सोडला नाही. "हाक मारली की लगेच यायचं," त्यांच्या होडीवाल्याने उतरतानाच बजावलं. "इथे पाणी विचारून येत नाही."

दुपार मजेत गेली. छोटीने आजीबरोबर मांडवात वाळूचं घर बांधलं, त्याला दार ठेवलं नाही, म्हणून दोघींचा वाद झाला आणि मिटलासुद्धा. मग होडीवाल्याने हाक मारली. नवरा कॅमेरा पुसून पिशवीत ठेवू लागला, छोटी पेंगुळली होती तिला त्याने होडीत बसवलं. सून टॉवेल झटकत होती. सासू तिच्या बाजूला येऊन थांबली, खांद्याची पिशवी सारखी केली आणि म्हणाली, "येते मी."

एवढ्या दिवसांतला तिचा हा पहिला थेट शब्द. सून इतकी चपापली की तिच्या तोंडून नुसतं "बरं" निघालं, तेही टॉवेलाला उद्देशून. सासू क्षणभर थांबली आणि मांडवाच्या दिशेने चालू लागली.

आता आपल्यात "जाते" असं कुणी म्हणत नाही. अशुभ मानतात. कायमचा निघालेला माणूस "येतो" म्हणून निघतो, आणि कोपऱ्यावरून काडेपेटी घेऊन लगेच परतणाराही "येतो"च म्हणतो. "येते मी" म्हणजे "थांबा, आलेच", नाहीतर "तुमचं तुम्ही बघा, मी निघाले". यातलं कोणतं, ते बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर वाचायचं असतं. सुनेने चेहऱ्याकडे पाहिलंच नव्हतं. मांडवापलीकडे थोरल्यांची होडी उभी होती. रुसलेली सासू थोरल्याच्या होडीत जाऊन बसणार, यात नवल ते काय?

"आई कुठे गेली?" नवऱ्याने विचारलं.

"भाऊजींच्या होडीत. मला सांगून गेल्या."

"तुला? सांगून?" त्याचा चेहरा उजळला. "म्हणजे मिटलं वाटतं तुमचं!"

पलीकडची होडी फेस उडवत निघालेली दिसली. तिच्यात नुसत्या टोप्याच टोप्या. "सगळे आले?" होडीवाल्याने विचारलं. "आले," सून म्हणाली. यंत्र धडधडू लागलं. ती मांडवाकडे पाठ करून बसली आणि किनारा येईपर्यंत वळली नाही.

धक्क्यावर मोठी जाऊ ओले केस पिळत उभी होती. होडी लागताच ती पुढे झाली आणि तिने हात लांबवला. "आधी आईंना उतरव गं. फळी निसरडी आहे."

सुनेला वाटलं, जाऊ गंमत करतेय. तिने जावेच्या मागे पाहिलं. दीर मुलांच्या अंगावर पाणी ओतत होते. बाकी कुणी नव्हतं. जावेचा हात तसाच पुढे होता, आणि मग तो हळूहळू खाली गेला. "आई तुमच्याच होडीत होत्या ना?" जावेने विचारलं.

पायाखालची वाळू सरकणं हे सुनेने आजवर नुसतं ऐकलं होतं. आता ती फळीवर उभी होती आणि पाय कुठे आहेत तेच तिला समजेना. नवरा ओरडला. होडीवाल्याने बांधलेला दोर पुन्हा सोडला. पाणी धक्क्याच्या कितीतरी पायऱ्या चढून आलं होतं. दीर एकीकडे धावले, जाऊ "देवा, देवा" करत दुसरीकडे. त्या गोंधळात छोटीने आईचा हात ओढला.

"आजी माझी चप्पल आणायला गेली होती. मांडवात राहिली होती ना." तिचा एक पाय अनवाणी होता.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"मी सांगणारच होते. पण आजी म्हणाली, आज निरोप नको. आज मीच बोलते तुझ्या आईशी."

सुनेने छोटीला जावेकडे ढकललं आणि निघालेल्या होडीत उडी मारली. नवऱ्याने तिचा दंड धरून तिला सावरलं. तिच्यावर त्याचा अजून पूर्ण विश्वास होता आणि तेच तिला सोसवेना.

दवाखान्यात ती लोकांना बंद खोलीत बसवायची, कानांवर यंत्र चढवायची आणि सांगायची, आवाज आला की बटण दाबा. कित्येकजण आवाज नसतानाच दाबत, कारण त्यांना तो ऐकू यायला हवा असे. असे लोक तिला लगेच ओळखू येत. होडी लाटांवर आपटत होती आणि ती स्वतःला पुन्हा पुन्हा विचारत होती, "येते मी" ऐकल्यावर तुला काय ऐकू आलं? खरं सांग, काय ऐकू आलं?

वाळूचं बेट नव्हतंच. होतं तिथे सपाट, हिरवं पाणी होतं, आणि त्यावर झावळ्यांचं एक छप्पर. एवढा मोठा जमिनीचा तुकडा, ज्यावर आपण जेवलो, झोपलो, भांडलो, तो असा पुसला जाऊ शकतो हे तिच्या डोक्यात शिरेना. नवरा "आई! आई!" ओरडत होता. उत्तर आलं नाही.

मग चटईमागून एक हात दिसला. सासू टेबलावर उभी होती, कमरेपर्यंत पाण्यात, दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारून. ओरडून ओरडून तिचा आवाज पार बसला होता. नवऱ्याने पाण्यात उडी घेतली. तिचे हात खांबावरून सोडवायला त्याला आणि होडीवाल्याला मिळून झटावं लागलं. खांद्याच्या पिशवीतून छोटीची चप्पल डोकावत होती.

तिला टॉवेलात गुंडाळून होडीत बसवलं. नवरा रडत होता आणि चिडतही होता. "हिला सांगितलंस ना तू, थोरल्याच्या होडीत जाते म्हणून? मग मांडवात काय करत होतीस?"

सुनेने डोळे मिटून घेतले. आता सगळं बाहेर येणार. आयुष्यभर हेच ऐकावं लागणार, सासूला समुद्रात सोडून आलेली सून.

सासूने सुनेकडे एकदा पाहिलं. "हो," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "तसंच सांगितलं होतं हिला. मग चप्पल दिसली, म्हणून वळले. माझीच चूक."

सुनेने डोळे उघडले. एवढं सराईत खोटं तिने सासूच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. नवरा नाक पुसत पुढे होडीवाल्याजवळ जाऊन बसला. यंत्राच्या आवाजात मागचं काही त्याला ऐकू जाणार नव्हतं.

"आई, खोटं का बोललात?"

"मग खरं काय सांगू?" सासूचे दात वाजत होते. "तुमची होडी सुटली तेव्हा मी मांडवातच होते. चटईच्या फटीतून बघत होते."

"बघत होतात? आणि हाक नाही मारलीत?"

"तोंड उघडलं होतं. पण होडीवाला आणि हा, दोघे यंत्राशी वाकलेले, ते लेकरू झोपलेलं. हाक मारायची तर तुलाच मारावी लागणार होती. म्हटलं, मीच का? एकदा बोलले तर 'बरं' म्हणालीस, तेही टॉवेलाला. बघू तरी, मागे वळून बघते का."

"आई, पाणी चढत होतं!"

"तेवढं कुठे कळत होतं? वाटलं, वळशील. वळशीलच. मग होडी एवढीशी झाली, तेव्हा ओरडले. खूप ओरडले गं."

सून या बाईला इतकी वर्षं ओळखत होती, आणि एका हाकेसाठी ही जिवावर उदार होईल असं कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी तिला खरं वाटलं नसतं. सासूने टॉवेल गळ्याशी घट्ट धरला.

"आता तू सांग. मी त्या होडीत गेले, असं तुला खरंच वाटलं?"

हो म्हणणं सोपं होतं. सासूने नवऱ्यासमोर तिला सोडवलंच होतं. सुनेने ओठ ओले केले.

"निम्मं वाटलं," ती म्हणाली. "निम्मं मीच मानून घेतलं. खात्री करायची तर तुमच्या मागे येऊन विचारावं लागलं असतं."

सासू तिच्याकडे बघत राहिली. पाण्यातून बाहेर काढताना तिचा चेहरा पडला नव्हता एवढा आता पडला. मग तिने पुढे बसलेल्या मुलाकडे पाहून घेतलं.

"यातलं एक अक्षर त्याला सांगू नकोस," ती म्हणाली. "आपल्या दोघींपैकी एकीलाही तो माफ करायचा नाही."