दात आवळल्यावर येणारा उंचवटा

दुसऱ्या दिवशी बारसं होतं आणि माझं तोंड एका बोटापुरतं उघडत होतं. जबड्याचा स्नायू आखडलाय, असं दाताचे डॉक्टर म्हणाले होते. माझा भाचा पृथ्वीराज एकुलता. त्याला बहीण नाही, म्हणून त्याच्या लेकीच्या कानात कुर्र करायचं ते त्याच्या आत्यानं, म्हणजे मीच.

त्याची बायको संयोगिता मला राजारामपुरीत सुया टोचून स्नायू सैल करणाऱ्या अनुजा डॉक्टरांकडे घेऊन गेली. रिक्षात म्हणाली, "आत्या, तंबाखू सोडलाय न्हवं? त्या वासाच्या तोंडानं माझ्या पोरीच्या कानाला लागू द्यायची न्हाय मी."

मी मान हलवली. पण दवाखान्यात तलफेनं बसवेना. पाय हलायचा थांबेना. ती पाणी प्यायला उठली आणि माझा हात तंबाखूच्या चंचीत गेला. चिमूट मळून डाव्या गालात सारली, तेवढ्यात नंबर आला.

डॉक्टरांनी कानाखाली गालावर बोट ठेवलं. "आजी, दात आवळा. उंचवटा येतो तिथं टोचायचं."

उजवीकडं उंचवटा आला, दात सोडल्यावर गेला. सुई मुंगीसारखी चावली. डावीकडचा मात्र जाईना.

"सैल सोडा की आजी."

"सोडल्यात की!"

"मग ही गाठ कसली?" त्यांनी पुन्हा दाबून बघितलं. "मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागंल."

संयोगितानं माझा खांदा गच्च धरला. "कवापासनं हाय, आत्या? एवढं दुखणं अंगावर काढलासा? बारसं पुढं ढकलू, पर आधी हे बघू."

गिळून टाकावं असं मनात आलं. बोलले तर कुर्र करायचा मान हातचा जाणार. पण संयोगिता रडायच्या बेतात आली होती.

"गाठ न्हाय ती," मी म्हटलं. "तंबाखू हाय."

डॉक्टर तोंड फिरवून हसल्या. संयोगिता हसली नाही. तिनं भांडं पुढं केलं. "थुंका."

चूळ भरली, मग डावी सुई बसली. सुया काढल्यावर तोंड दोन बोटं उघडलं. रिक्षा घरापाशी थांबली. उतरताना तिनं हात पुढं केला. मी चंची दिली. रात्रभर कूस बदलत राहिले.

बारशाला पाळण्याभोवती बायका जमल्या. संयोगिता बाळ घेऊन थेट माझ्यासमोर आली. "आ करा."

सगळ्यांदेखत मी आ केला. तिनं वास घेतला, आणि मग पोरगी माझ्या मांडीवर ठेवली.

"कुर्र! अवंतिका!"

रिवाजाप्रमाणं बायकांनी माझ्या पाठीत बुक्क्या घातल्या. सगळ्यात जोराची संयोगिताची होती.