बावीसपैकी एकवीस

एप्रिलचा दुसरा आठवडा जवळ आला की मी चादरी कुलपात घालते. ग्रीक आठवडा सुरू झाला की पोरींना चित्रं रंगवायला चादरी लागतात, आणि मग हाताला येईल ती चादर त्यांची. एका वर्षी माझ्या स्वतःच्या पलंगावरची गेली. दुसऱ्या दिवशी ती विद्यापीठाच्या हिरवळीवर फडकत होती, मधोमध हा भला मोठा बगळा, आणि बगळ्याच्या पोटापाशी माझ्या कॉफीचा डाग.

बगळा ही आमच्या घराची खूण. घर म्हणजे विद्यापीठातल्या मुलींची एक संघटना आणि तिचं वसतिगृह, दोन्ही. घराला तीन ग्रीक अक्षरांचं नाव आहे, शेजारच्या घरांनाही आहे, म्हणून तो ग्रीक आठवडा, पण गावात सगळे खुणेवरूनच बोलतात. आम्ही बगळेवाल्या, पलीकडच्या कंदीलवाल्या. मी तेवीस वर्षं बगळेवाल्यांची हाऊस मॉम आहे. म्हणजे मुली वरच्या दोन मजल्यांवर राहतात, मी खाली स्वयंपाकघराशेजारी राहते, आणि किल्ल्या, घर तापवणारी भट्टी, नळ आणि दोन वेळचं जेवण माझ्याकडे. मला पगार आहे तो घर चालवायचा, मुली चालवायचा नाही. त्यांच्या भांडणांत, प्रेमांत आणि निवडणुकांत मी पडत नाही. पहिल्याच वर्षी एकदा पडले होते, पुरे झालं.

तर तो आठवडा. मुलींचं एक घर आणि मुलांचं एक घर अशा जोड्या लावतात आणि सोमवार ते शुक्रवार नुसत्या स्पर्धा. रंगवलेल्या चादरी, चिखलातली रस्सीखेच, नाचगाणी, डबाबंद भाज्यांचे मनोरे, रक्तदान. सगळ्याचे गुण. शनिवारी ज्यांचे गुण जास्त त्यांना दुधाची कॅन. जुनी, पत्र्याची, दोन कडीची. जिंकलेल्या जोडीतलं मुलींचं घर तिला आपला रंग फासतं आणि वर्षभर दिवाणखान्यात मिरवतं. रंगाचे इतके थर बसलेत की आता ती दोघींना मिळून उचलावी लागते. आमच्याकडे ती आली त्याला अकरा वर्षं झाली. तेव्हा घरात सत्तर मुली होत्या. या वर्षी बावीस.

बावीस कागदावर. प्रत्यक्षात एकवीस. बाविसावी कोरिन ड्वोराक, ती जानेवारीत घरी गेली. वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं, गोठ्यात साठ दुभत्या गाई आणि आई एकटी. अडीच तासांच्या अंतरावर गाव. "दोन आठवड्यांत येते," म्हणाली. दोनाचे बारा झाले. मेसेज वाचायची, उत्तर द्यायची नाही. मुलींनी आधी काळजी केली, मग कंटाळल्या, मग रागावल्या.

सर्वांत जास्त रागावली लॉरेल, आमच्या घराची अध्यक्ष. लॉरेल हॉल्टकँप दात घासतानासुद्धा कामांची यादी करते. घरातल्या मुली अशाच कमी होत राहिल्या तर दोन वर्षांत संघटनेची मुख्य कचेरी घराला टाळं लावील, असं पत्र तिला आलं होतं. कॅन आली की नाव होईल, नाव झालं की ऑगस्टमध्ये नव्या मुली येतील, असा तिचा हिशेब. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं.

सोमवारी आमची चादर दुसरी आली. मंगळवारी रस्सीखेच. आठ-आठ मुली, आणि आठ जणींचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या आत हवं. वजन करतात ते शेतकी विभागाच्या गुरांच्या काट्यावर, आठ जणींना एकदम उभं करून, म्हणजे कुणा एकीचा आकडा चारचौघांत फुटत नाही. फार शहाणी पद्धत आहे. आमच्या पोरी सकाळपासून उपाशी होत्या, तरी काटा दोन पौंड पुढे.

"बूट काढा!" लॉरेल ओरडली.

"बूट काढून चिखलात उभं राहायचं?"

"मग केस काप."

"ए, बगळे म्हणे!" कंदीलवाल्या पलीकडून ओरडल्या. "ही तर भरलेली बदकं!"

बूट निघाले. अनवाणी आमच्या पोरींचे पाय चिखलात असे रुतले की कंदीलवाल्या बूट घालून सरकत राहिल्या आणि शेवटी तोंडावर आपटल्या. भरलेल्या बदकांनी मग भरपूर आवाज केला.

त्याच संध्याकाळी मी बटाट्याचा थाळा ओव्हनमध्ये सरकवत होते, तेव्हा लॉरेल एक कागद घेऊन आली. कानात अजून चिखल होता.

"मॉम व्हर्ना, एक सही हवीय. आपण पहिल्या दोघांत आहोत. शुक्रवारी रक्तदान. ज्या घराच्या यादीतली एकूण एक मुलगी येईल त्यांना पन्नास गुण जास्त. आपल्याला एकवीस जणी गोळा करायला काय लागतं? पण यादीत बावीस आहेत."

कागद नाव कापायचा होता. उद्या बारापर्यंत द्यायचा. खाली अध्यक्षाची सही आणि हाऊस मॉमची, की त्या मुलीचा पलंग रिकामा झाला आहे. नाव कापलं की तिची पिन, म्हणजे घराचा बिल्ला, मुख्य कचेरीत परत जाते, पलंग दुसरीला मिळतो आणि ती मुलगी पुन्हा या घरात येऊ शकत नाही. दुसऱ्या घरातही नाही, कारण जन्मात एकदाच एका घराचं होता येतं.

"तिला सांगितलंस?"

"चार वेळा. वाचते आणि गप्प बसते. आम्ही मतं घेतली. बारा विरुद्ध आठ."

"ब्रिटाचं मत?"

"ब्रिटाला कसं विचारणार? ती सध्या कुणाचीच नाही."

ते खरं होतं. ब्रिटा टोलेफसन आमचीच, कोरिनच्या खोलीतली, घरच्या रीतीनं तिची थोरली बहीण. पण या वर्षी सगळा ग्रीक आठवडा तिच्या हाती होता. ज्या मुलीकडे हे काम येतं ती आपल्या घराची पिन उतरवून ठेवते, आठवडाभर विद्यापीठाच्या पाहुण्यांच्या खोलीत झोपते आणि आपल्या घराशी परक्यासारखी वागते. सोमवारी हिरवळीवर मला म्हणाली, "मिसेस स्टंफ, तुमची चादर सहा इंच जास्त आहे. दुमडावी लागेल." एरवी ही माझ्या फ्रिजमधून न विचारता लोणी घेते.

मी लॉरेलला म्हटलं, "उद्या दहाला वर जाऊन पलंग बघू. रिकामा असला तर करते सही."

"रिकामाच असणार हो!"

"मग बघायला काय जातंय?"

बुधवारी सहाला उठून मी एकटीच वर गेले. ब्रिटा गेल्यापासून त्या खोलीत कुणी फिरकलं नव्हतं. कोरिनचा पलंग उघडाबोडका होता, गादीचे निळे पट्टे दिसत होते. पायथ्याशी पेटी, पेटीशेजारी तिचे रबरी बूट. पेटीत निळी-पांढरी गोधडी, तिच्या आईनं शिवलेली, नीट घडी घालून ठेवलेली, आणि तिच्याखाली उशी. पलंग रिकामा होता. दहाला मला सही करावी लागणार होती.

मी त्या गादीवर बसले. ही मुलगी दर रविवारी माझ्याशेजारी उभी राहून बटाटे सोलायची, कुणी सांगितलेलं नसताना, आणि सालं इतकी पातळ काढायची की मला माझ्याच सोलण्याची लाज वाटायची. नोव्हेंबरात भट्टी बंद पडली तेव्हा तिनं तिला दोन लाथा आणि एक पाना मारून सुरू केली होती. माझा जीव होता तिच्यावर. इतरांवर नव्हता असं नाही, पण तिच्यावर होता. मी उठले, गोधडी काढली, अंथरली, कोपरे खोचले. उशी ठेवून तिला एक चापटी मारली, म्हणजे मधे खड्डा पडेल. मग खाली येऊन पॅनकेक केले.

दहाला लॉरेल दारातच थांबली. "हे काय?"

"गोधडी."

"मला वाटलं, तिनं आवरून ठेवलं असेल सगळं."

"रिकामा नाही पलंग," मी म्हटलं. "मी खोटी सही करत नाही." हे वाक्य मी ज्या चेहऱ्यानं म्हटलं तो आठवला की अजून मला कसंतरी होतं.

"एका गोधडीपायी? मॉम व्हर्ना, वरचे मजले एक दिवस सगळेच रिकामे होतील, मग करा सह्या!"

तिनं मला हिरवळीवर ब्रिटाच्या टेबलापर्यंत नेलं, म्हणजे नकार मी माझ्या तोंडानं द्यावा. ब्रिटानं कागद वाचला. कोरिनचं नाव आलं तिथं तिचं बोट थांबलं.

"हाऊस मॉमची सही नाही."

"पलंगावर गोधडी आहे तिची," मी म्हटलं.

ब्रिटानं मान वर केली. कोरिन गेली त्या दिवशी सामान आवरायला तीच होती. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि मी तिच्या मागच्या तंबूच्या खुंटीकडे पाहिलं.

"निळी?" तिनं विचारलं.

"निळी-पांढरी."

"सही नाही म्हणजे अर्ज अपुरा," ती म्हणाली. आवाज अगदी सरकारी. "बगळेवाल्या यादीत बावीस. पुढचं कोण?"

शुक्रवारी रक्तदानाची बस चारला निघून गेली. आमच्या एकवीसच्या एकवीस जणी जाऊन आल्या, ब्रिटासुद्धा. एकीला सुई पाहून चक्कर आली, तरी तिनं आडवं पडून दुसरा हात पुढे केला. यादीत प्रत्येकीच्या नावापुढच्या चौकोनात लाल थेंब, आणि एक चौकोन कोरा. कंदीलवाल्या एकशे अठरापैकी एकशे अठरा. त्यांनी मंगळवारीच अकरा नावं कापली होती. त्यांच्या हाऊस मॉमनं एका बैठकीत अकरा सह्या ठोकल्या. मी तिला नावं ठेवत नाही, तिनं निदान पलंग पाहून केल्या असतील.

शनिवारी ब्रिटानं निकाल वाचला. "बगळेवाल्या, बावीसपैकी एकवीस," म्हणताना ती जराही अडखळली नाही. आम्ही छत्तीस गुणांनी मागे पडलो. ते पन्नास असते तर कॅन आमची होती, आणि हे गणित हिरवळीवर उभ्या असलेल्या प्रत्येकीला येत होतं. मलाही.

लॉरेल बुधवारपासून माझ्याशी बोलत नव्हती. ताट आणून ठेवायची आणि जायची. मुलींच्या भांडणात पडायचं नाही म्हणते मी, आणि तेवीस वर्षांत पहिल्यांदा मुलीच माझ्याशी भांडल्या होत्या. रात्री नीट झोप लागली नाही. एका गोधडीसाठी मी बारा जणींचं मत मोडलं होतं, आणि जिच्यासाठी मोडलं तिला येणंसुद्धा जमलं नव्हतं.

रविवारी अकराच्या सुमारास मागच्या अंगणात एक मळकं पिकअप येऊन थांबलं. कोरिन. वाळली होती, मनगटं मात्र रुंद झाली होती. मागच्या दाराशी येऊन पाय पुसत राहिली, पुसण्यासारखं काही नसताना. मी बटाटे सोलत होते. लॉरेल टेबलाशी दूध-सीरियल खात होती.

"सामान न्यायला आले," कोरिन म्हणाली. "नाव कापलं असेलच."

मी सुरीनं फ्रिजकडे दाखवलं. तिथं रक्तदानाची यादी चिकटवलेली होती. तिनं वरून खाली वाचली. मग पुन्हा वरून.

"हा कोरा चौकोन माझा?"

"तुझाच," लॉरेल म्हणाली. "त्याच चौकोनातून कॅन कंदीलवाल्यांकडे गेली. एक ओळ लिहिता येत नव्हती तुला? बोटं गाईंनी खाल्ली?"

"रोज लिहायला घेत होते. दोन आठवडे म्हणून गेले होते मी. तीन झाले, चार झाले. मग कुठल्या तोंडानं लिहू तेच कळेना." तिचे डोळे भरले आणि तिनं ते बाहीनं रागारागानं पुसले. "बाबा आता काठी घेऊन चालतात. ऑगस्टपासून काका येणारेत दूध काढायला. पण मला वाटलं, इथलं तर संपलंच."

ती वर गेली. लॉरेलचा चमचा चालू, माझी सुरी चालू. पाचेक मिनिटांनी ती खाली आली, हातात बूट.

"मॉम व्हर्ना, माझी गोधडी मी पेटीत ठेवून गेले होते. ब्रिटानं आणि मी घडी घातली होती. पलंगावर कुणी अंथरली?"

लॉरेलचा चमचा थांबला. मी बटाट्याकडे पाहत राहिले. माझे कान तापले, आणि पांढऱ्या केसांत तापलेले कान लपत नाहीत. लॉरेल माझ्याकडे बघतेय हे मला न बघता कळत होतं. पन्नास गुण, अकरा वर्षं, मुख्य कचेरीचं पत्र, आणि "मी खोटी सही करत नाही". तिनं दुसऱ्या दिवशी मुख्य कचेरीला एक फोन केला असता तर संध्याकाळपर्यंत माझ्या किल्ल्या दुसरीकडे गेल्या असत्या.

"तूच अंथरून गेलीस," लॉरेल म्हणाली.

"नाही गं, मला पक्कं आठवतंय, आम्ही दोघींनी..."

"कोरिन. घाईत होतीस, विसरलीस. तूच अंथरलीस. मी स्वतः पाहिलंय." आणि ती पुन्हा खायला लागली.

कोरिननं तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, फ्रिजवरच्या यादीकडे पाहिलं. ती मूर्ख कधीच नव्हती.

"मग राहू दे तिथंच," ती हळूच म्हणाली. "बूट तेवढे नेते. ऑगस्टपर्यंत लागतील."

पिकअप वळून रस्त्याला लागलं. मी उरलेले बटाटे सोलले, सालं जाडच निघाली. लॉरेलनं वाडगा धुतला, पालथा घातला आणि दाराशी जाऊन थांबली.

"मॉम व्हर्ना," ती म्हणाली, "आज जेवायला काय आहे?"