टिकलेल्या मूत्रपिंडाचा हिस्सा

खांद्यावर शाल पडली, हातात नारळ आला, आणि डॉ. ज्ञानेश्वरी वाकळे यांचा मोबाईल थरथरला. नगरमधल्या त्या धर्मादाय रुग्णालयात मूत्रपिंड प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना सांभाळणाऱ्या त्या एकट्याच तज्ज्ञ. सत्कारही त्याचसाठी होता. नारळ काखेत मारून त्यांनी व्यासपीठावरच फोन घेतला. मिरजगावचा काशिफ होता. त्याच्या पोटात आईचे, मुबारकबीचे, मूत्रपिंड होते.

"मॅडम, पाय मुरगळलाय. गावातल्या डॉक्टरनं दुखायची गोळी दिली. एकच खातो."

"एकही नाही. किडनी जाईल. फेकून दे."

"फेकली."

"खिशातली काढ आणि फेक."

सभागृह हसले. संस्थेचे अध्यक्ष आदिनाथशेठ माईकवर म्हणाले, "बघा, सत्कारातसुद्धा सुट्टी नाही! याला म्हणतात सेवा." टाळ्या पडल्या. ज्या कामाचे पैसे द्यायचे नसतात, त्याला त्या संस्थेत सेवा म्हणत.

पैशांची रीत अशी होती: शस्त्रक्रियेमागे सर्जनला हिस्सा, डायलिसिसच्या प्रत्येक पाळीमागे मूत्रपिंडतज्ज्ञाला. प्रत्यारोपण झालेला माणूस डायलिसिसला येत नाही. त्याच्या औषधांची मात्रा जन्मभर तोलणे, साध्या तापातला धोका ओळखणे, असल्या गोळ्या त्याच्या हातून सोडवणे, याला दर नव्हता. म्हणजे बाई जितके रुग्ण यंत्रावरून उठवीत, तितके त्यांचे उत्पन्न घटे. ही व्यवस्था कुणा खलपुरुषाने रचली नव्हती. ती विश्वस्तांनी एकमताने आणि चहापानासह मंजूर केली होती.

दुसऱ्या दिवशी बाई शेठजींच्या दालनात गेल्या. "या कामाला पगार लावा. नाहीतर मी या महिन्याअखेर सोडते."

"ताई, फोनवर बोलण्याचे पैसे?"

"तुमचा वकील घेतो."

"वकिलाला कुणी देव मानत नाही."

"म्हणूनच त्याचं बिल वेळेवर निघतं."

शेठजी मनापासून हसले. ते वाईट गृहस्थ नव्हते. त्यांना फक्त हिशेब कळत होता. "तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील. त्यापेक्षा तुमचं नाव पुरस्काराला पाठवू."

महिनाअखेर बाई एका खासगी डायलिसिस केंद्रात रुजू झाल्या. तिथे पाळीमागे मिळणारा हिस्सा घसघशीत होता. रुग्णांना त्यांनी पुण्याच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठ्या लिहून दिल्या. मोबाईल संस्थेचा होता. तो संस्थेत जमा झाला. स्वतःचा नंबर मात्र त्यांनी कुणालाच दिला नाही. दिला असता, तर हे काम फुकटच होत असते हे शेठजींचे म्हणणे खरे ठरले असते. हा युक्तिवाद निर्दोष होता. बाईंनी तो मनात पुन्हा पुन्हा तपासला होता.

काशिफ त्या केंद्रात आला तेव्हा दिवाळी उलटली होती. तोंड सुजलेले, धाप लागलेली. पाय पुन्हा दुखावला होता, आणि या खेपेला गोळ्या महिनाभर चालल्या होत्या. रक्ताचा अहवाल पाहून बाईंनी खुर्ची मागे सरकवली. आईचे मूत्रपिंड संपले होते.

मुबारकबी दारातच उभी होती. "बाई, लई फोन लावला. नुसता वाजायचा."

"मी पुण्याची चिठ्ठी दिली होती."

"व्हय, दिल्ती. पुन्यात आमाला कोन वळखतं? अन् पोरगं म्हनलं, मॅडमनी उचलला की इचारून खातो." ती थांबली. "उचलला न्हाई, म्हनून खाल्ली."

बाईंनी परिचारिकेला खूण केली. काशिफला पलंगावर घेतले गेले.

"आता ह्ये कायमचं का, बाई?"

"दुसरी किडनी मिळेपर्यंत. आठवड्यातून तीनदा यायचं."

मुबारकबीने कुशीवरच्या जुन्या टाक्यांच्या जागी हात ठेवला. "माझ्याकडं एकच हाय आता." मग तिने केंद्राच्या चकचकीत फरशीकडे, नव्या यंत्रांकडे पाहिले. "हितं तुमाला पैसं नीट देत्यात का, बाई?"

"देतात."

"मंग बरं झालं."

तिच्या आवाजात टोमणा असता, तर बाईंना उत्तर देता आले असते. त्यांनी यंत्र सुरू करायला सांगितले. काशिफच्या पहिल्या पाळीचा हिस्सा त्याच संध्याकाळी त्यांच्या खात्यात जमा झाला.