नंदीची दोन बटनं

तान्ह्या पोळ्याला वामनरावांचा नंदी उजळायचा तो रविंद्रच्या हातून. नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या त्या घरात सागाचा, कंबरेइतका उंच, चाकांवरचा नंदी होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीतली पोरं त्याला दोरीनं ओढत मैदानावर नेत. तिथं साऱ्या मोहल्ल्याचे लाकडी बैल जमत आणि सजावटीत वामनरावांचा नंदी हमखास पहिला येई. शिंगांवरच्या, झुलीवरच्या दिव्यांच्या माळा, पोटातली बारा व्होल्टची बॅटरी आणि शेपटीखालच्या पत्र्यावरची बटनं, हे सगळं मोठ्या जावयाचं, रविंद्रचं काम. हिंगण्याच्या कारखान्यात तो मेंटेनन्सचा इलेक्ट्रिशियन. बारा व्होल्ट म्हणजे त्याला पोरखेळ, पण हा पोरखेळ त्याला जिवापाड प्यारा होता. सासुरवाडीतला त्याचा जो काही मान होता, तो या नंदीच्या पाठीवरच उभा होता.

आणि यंदा वामनरावांचा फोन आला. "रविंद्रराव, यंदा बटनं पियुष आणून राहिला. तुम्ही शिफ्ट करून थकता, उन्हातान्हाचं बाजारात काहून हिंडता?"

पियुष म्हणजे धाकटा जावई. मागच्या हिवाळ्यात कामिनीशी लग्न झालेला, मिहानमधल्या एका कंपनीत अकाउंट्सला असलेला, इस्त्रीच्या शर्टातला, आणि वाईट म्हणजे स्वभावानं चांगला. माणूस तुसडा असता तर रविंद्रचं काम सोपं झालं असतं. उघड वैर करता आलं असतं. पण हा येता-जाता वाकून पाया पडणार, सासूला चहा करून देणार, आणि लोकांनी त्याचं कौतुक केलं की लाजणार. अशा माणसाविषयी जळायचं तर आतल्या आतच जळावं लागतं, आणि रविंद्र त्या लग्नापासून तसाच जळत होता.

"बाबांनी तुमच्या भल्यासाठीच सांगितलं असंन," त्याची बायको हर्षा म्हणाली. "पोळ्याच्या टायमाले तुमचे पाय सुजते."

"माझे पाय त्याईच्या डोळ्यावर आत्ताच काहून आले वं?" रविंद्र म्हणाला, आणि जेवण अर्धं टाकून उठला.

पोळ्याच्या संध्याकाळी तो सासरी गेला तेव्हा पियुष ओसरीवर दोन डब्या उघडून बसला होता. दोन्हींत स्टीलची गोल, गुळगुळीत बटनं, भोवती काचेची कडी. वायर जोडली की कडी निळी उजळायची. रविंद्र वर्षानुवर्षं लावत आलेल्या वर-खाली होणाऱ्या काळ्या दांडीच्या बटनांपुढं ही म्हणजे लग्नातली भांडी. वामनराव एक बटन तळहातावर घेऊन लहान मुलासारखे पाहत होते.

"लय सुंदर आहे गा," ते म्हणाले.

रविंद्रच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. इतक्या वर्षांत त्याच्या दांडीच्या बटनाला कुणी सुंदर म्हटलं नव्हतं.

"रविंद्रभाऊ, दुकानदारानं दोन जातीची दिली," पियुष म्हणाला. "दिसाले एकच. म्हणे, लायटिंगले कोणती लागते ते जाणकाराले विचारा. मले त्यातलं काही समजत नाही. तुम्हीच सांगा."

रविंद्रनं दोन्ही डब्यांतलं एकेक बटन उचललं आणि अंगठ्यानं दाबलं. डोळे मिटूनही कळलं असतं. एक बटन आत जाऊन टक्‌कन बसलं, पुन्हा दाबेपर्यंत तिथंच राहणार. दुसरं अंगठा उचलताच वर आलं. ते दारावरच्या घंटीचं, दाबून धराल तोवरच चालणारं. माळांना कोणतं लावायचं हे कारखान्यातला झाडूवालाही सांगेल.

खरं सांगायला त्याचं तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात आतून सासूबाई कुणाला तरी म्हणाल्या, "यंदा नंदीचं सगळं आमच्या पियुषनं आणलं." आमच्या पियुषनं. रविंद्रच्या डोळ्यांपुढं चित्र उभं राहिलं: उद्या भरल्या मैदानात पियुष ऐटीत बटन दाबतोय, बोट काढतोय, आणि नंदी काळा ठिक्कर. मोहल्ला खो खो हसतोय. मग वामनराव म्हणतील, रविंद्ररावांनाच सांगायला पाहिजे होतं. त्या चित्रानं त्याला इतकं बरं वाटलं की स्वतःचीच थोडी भीती वाटली. पण तो मागं हटला नाही.

"हे," तो म्हणाला, आणि घंटीची डबी पुढं सरकवली. "हेच लावू."

"पक्कं ना, भाऊ?"

"मी सांगून राहिलो ना."

पत्र्याला दोन भोकं पाडून त्यानं बटनं बसवली, एक शिंगांचं, एक झुलीचं. एरवी तो पत्रा स्क्रूनं लावायचा, म्हणजे वेळप्रसंगी उघडता यावा. या वेळी कुणी उघडून पाहू नये म्हणून त्यानं कारखान्यातून आणलेल्या रिव्हेटनं, म्हणजे एकदा ठोकले की न निघणाऱ्या खिळ्यांनी, चारी बाजू बंद केल्या. मग सगळ्यांना बोलावून दोन्ही अंगठे बटनांवर दाबून धरले. नंदी लखलखला. सासूबाईंनी कुंकू लावलं. सगळे प्रसादाला आत वळले तेव्हाच त्यानं अंगठे काढले. आयुष्यात कामात खोट न केलेला माणूस तो; हात धुताना त्यानं आरशात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला नंदी रस्त्यावर निघाला. पोरांनी दोरी धरली, मागं सारं घर. पियुष बटनापाशी जाईल म्हणून रविंद्र मुद्दाम चार पावलं दूर उभा राहिला. वामनरावांनी त्यालाच हाक मारली.

"रविंद्रराव, तिकडं काहून उभे? या, लावा तुम्हीच."

"यंदा पियुष..."

"पियुषनं फक्त आणले. मी त्याले पहिलेच सांगितलं होतं, काहीही आण, पण रविंद्ररावनं हो म्हटल्याबिगर नंदीले हात लावायचा नाही. या घरात ते एकाच माणसाचं काम आहे."

ज्या मानासाठी रविंद्र इतके महिने पोटात आग घेऊन हिंडला, तो मान कुणी काढून घेतलाच नव्हता. काल ओसरीवर दोन डब्या त्याच्यापुढं ठेवल्या होत्या तो मानच होता, आणि त्यानं काय केलं ते त्या रिव्हेटमागं बंद होतं.

त्यानं बटनं दाबली. नंदी उजळला, पोरांनी गलका केला. एक अंगठा सहज निसटला आणि शिंगं विझली.

"काय झालं गा, भाऊ?" पियुष धावत आला. "मी चुकीचे आणले का? दुसरी डबी घरी आहे."

"पत्रा उघडत नाही," रविंद्र म्हणाला. ड्रिलशिवाय ते रिव्हेट निघणार नव्हते, आणि मैदानावरून पुकारा सुरू झाला होता.

वामनरावांनी वाकून पत्रा पाहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा स्क्रूच्या जागी रिव्हेट होते. मग बटन दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं. म्हातारा शेतकरी असला तरी घंटीचं बटन त्यालाही कळत होतं. त्यांनी पियुषकडं पाहिलं, मग रविंद्रकडं पाहिलं.

"धरून ठेवा मग," ते एवढंच म्हणाले. "पोरायचा हिरमोड नको."

रविंद्रनं वाकून दोन्ही अंगठे दाबले आणि नंदीच्या शेपटीमागं चालू लागला. कंबर मोडायला आली, अंगठ्यांत मुंग्या आल्या. वाटेत लोक कौतुकानं बाजूला होत. कामिनीनं फोटो काढले, त्यांत पियुष होता, हर्षा होती, पोरं होती. रविंद्र बैलामागं होता.

मैदानावर पहिला नंबर पुकारला गेला. माइकवाल्यानं विचारलं, "लायटिंग कोणाचं?"

पियुषनं हात लांब करून दाखवलं. "आमच्या रविंद्रभाऊचं. सगळं त्याईचंच."

मैदानभर टाळ्या पडल्या. लोक वळून वळून पाहू लागले, कुणीतरी हार घेऊन पुढं आलं. "या गा समोर, नमस्कार तर घ्या," वामनराव म्हणाले. ते हसत नव्हते.

रविंद्र तसाच वाकून उभा राहिला. हात जोडायचे तर अंगठे काढावे लागले असते.